अल्येइरा (पोर्तुगीज सॉसेज)

अल्येइरा हे पोर्तुगालच्या ईशान्य कोपऱ्यातलं, त्राझ-उश-मोंतिश म्हणजे 'डोंगरापलीकडचा' या प्रांतातलं सॉसेज. आल्यु म्हणजे लसूण, त्यावरून हे नाव पडलंय. घोड्याच्या नालेसारखा आकार, वरून तांबूस-तपकिरी, आतून मऊ. मऊ असायचं कारण म्हणजे आत मांसाइतकाच महत्त्वाचा असतो पाव, आणि आपला पाव हा शब्दही पोर्तुगीज 'पांव'वरूनच आलाय.

करायची पद्धत अशी की आधी डुकराचं आणि कोंबडीचं मांस शिजवून घेतात, तोच गरम रस्सा गव्हाच्या पावाच्या पातळ कापांवर ओततात, मग त्यात मांसाचे धागे, लसूण, ऑलिव्ह तेल, पाप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड) घालून ते मिश्रण आतड्यात भरतात आणि चुलीवरच्या धुरात टांगतात. चोरिस हे मसाल्याचं, लालभडक सॉसेज खाणाऱ्या गोव्याच्या माणसाला हे सौम्य वाटेल, पण नातं आहेच, चोरिस हा शब्द पोर्तुगीज शोरिसूवरूनच आलाय.

उगमाबद्दल सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट ज्यूंची आहे. राजा मानुएलने 1496 च्या डिसेंबरात ज्यूंना देश सोडायचा हुकूम काढला, 1497 मध्ये बहुतेकांना जबरदस्तीने बाप्तिस्मा दिला, आणि 1536 मध्ये इन्क्विझिशन म्हणजे धर्मबाह्य वागणाऱ्यांना शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय आलं (गोव्यात ते 1560 ला पोचलं). हे 'नवख्रिस्ती' लोक घरात गुपचूप जुना धर्म पाळायचे, पण प्रत्येक घराच्या धुराड्यात डुकराची सॉसेजेस टांगलेली असायची आणि ज्याच्याकडे नाहीत त्याच्यावर लगेच संशय, म्हणून त्यांनी कोंबडी, बदक, सशाचं मांस आणि पाव भरून दिसायला तसंच सॉसेज बनवलं, असं सांगतात.

मात्र तपशिलात शिरलं की ही गोष्ट जशीच्या तशी टिकत नाही. एक तर ससा. ज्यू आहारनियमांत डुकराप्रमाणे ससाही वर्ज्य आहे, आणि 1536 च्या इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्यात संशयाच्या खुणा म्हणून डुकराची चरबी, ससा, ईल, ऑक्टोपस आणि बिनखवल्यांचे मासे न खाणं हे सगळं एका दमात लिहिलेलं आहे, म्हणजे सशाचं सॉसेज करून गुपचूप धर्म पाळणं हे जमतच नाही. दुसरं म्हणजे पाप्रिका: मिरची अमेरिकेतून आली, कोलंबसच्या प्रवासानंतर, तेव्हा आजची कृती 1497 सालची असणं शक्य दिसत नाही, फार तर तिची एखादी बिनमिरचीची पूर्वज असेल. तिसरं, अल्येइरा या नावाचे लिखित उल्लेख बरेच उशिराचे आहेत.

त्यामुळे दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे. थंडीत घरोघरी डुक्कर कापायचे, तेव्हा उरलेलं मांस, शिळा पाव आणि रस्सा वाया जाऊ नये म्हणून हे बनलं असावं, गरीब डोंगराळ भागात पावाने मांस पुरवून खाणं हे अगदी साहजिक. तरी ज्यूंची गोष्ट पूर्ण खोटी म्हणून टाकून देणंही बरोबर नाही, कारण या प्रांतात नवख्रिस्ती कुटुंबं खरंच मोठ्या संख्येने होती, आणि त्यांच्या घरी बिनडुकराचा प्रकार होत असेल हे अशक्य नाही. घरातलं स्वयंपाकघर कागदावर फार कमी उतरतं.

याच प्रांतातल्या मिरांदेला या शहराचं नाव अल्येइराला कसं चिकटलं याचं उत्तर त्यामानाने सोपं आहे. तुआ नदीकाठची रेल्वे 1887 मध्ये मिरांदेलापर्यंत पोचली, आसपासच्या गावांतला माल तिथूनच बाहेर जायचा, म्हणून बाहेरच्यांसाठी ती मिरांदेलाची अल्येइरा झाली. विन्याइश आणि बारोझु भागातले लोक आपलीच खरी असं म्हणतात, विन्याइशची तर बीझारू या स्थानिक जातीच्या डुकराची असते. 2011 मध्ये पोर्तुगालच्या सात खाद्य-आश्चर्यांच्या निवडीत मिरांदेलाचीच निवड झाली.

खायची पद्धत: तळून किंवा भाजून, सोबत उकडलेले बटाटे, पालेभाजी, बऱ्याचदा वर तळलेलं अंडं. धुरी दिलेली असली तरी कच्ची खात नाहीत. हल्ली शिकारीच्या मांसाची, कॉड माशाची आणि शाकाहारी अल्येइराही मिळते.

बघण्यासारखं: मिरांदेलात तुआवरचा 20 कमानींचा जुना दगडी पूल आणि तावोरा घराण्याचा वाडा, जिथे आता नगरपालिका आहे (या घराण्यातल्या लोकांना राजावरच्या हल्ल्याच्या आरोपावरून 1759 मध्ये मारलं गेलं). रेल्वे आता नाही, खालचा मार्ग धरणाच्या पाण्यात गेला, त्यामुळे पोर्तोहून रस्त्यानेच यावं लागतं. पुढे ब्रागांसाचा किल्ला आणि त्यातली पाच बाजूंची दगडी सभागृहाची इमारत. विन्याइशला फेब्रुवारीत धुरावरच्या मांसाची मोठी जत्रा भरते. साधारण त्याच दिवसांत, लेंटच्या म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या आधी, कार्निव्हलला, पोदेन्स गावात रंगीत झालरींचे कपडे, मुखवटे आणि कमरेला घंटा बांधलेले कारेतू म्हणजे सोंगं घेतलेले लोक रस्त्यावर उतरतात, 2019 पासून हे युनेस्कोच्या यादीत आहे. त्या सणाला तिकडे एंत्रूदु म्हणतात, आणि गोव्यातला इंत्रुज शब्द तिथूनच आलाय.