दसऱ्याचा झेंडू: नक्षत्र पाहायचे की तिथी?

थंड देशांत हंगामी फुलांची रोपे वाफ्यात कधी लावायची हे पाणी गोठवणारी शेवटची रात्र कधी सरते त्यावर ठरते. मराठवाड्यात झेंडूची तारीख पाऊस आणि तिथी मिळून ठरवतात, आणि या दोघांचे जमेलच असे नाही.

झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. पोर्तुगिजांबरोबर तो इकडे आला असे मानतात. पुढे बरीच वर्षे इथे त्याची जागा बांधावर, नाहीतर कापूस-टोमॅटोच्या कडेने. सलग पीक म्हणून तो वाढला ठिबक आणि संकरित बियाण्याच्या काळात. ज्या लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात तीन-चार महिन्यांत पैसा देणारे पीक कुणाला नको होते?

खरा घोळ पंचांगाचा आहे. पेरणी आपण नक्षत्रावर करतो आणि ही नक्षत्रे सूर्याची असतात. मृग ७-८ जूनला, हस्त सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. वर्षानुवर्षे तारखा त्याच. दसरा मात्र चांद्र तिथीवर, अधिकमासाने पुढे ढकलला जाणारा. २०२२ मध्ये तो ५ ऑक्टोबरला होता, २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे २४ ऑक्टोबरला गेला. रोपवाटिकेत साधारण २५ दिवस आणि लागवडीनंतर फूल यायला ५५ ते ६० दिवस धरले, तर २ ऑक्टोबरच्या दसऱ्यासाठी (२०२५) बी पुनर्वसूत (जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात) टाकायला हवे. २० ऑक्टोबरच्या दसऱ्याला (२०२६, अधिक ज्येष्ठ) तेच बी पुष्यात (जुलैअखेर). 'जुलैत लागवड करा' असे दरवर्षी छापणारी सल्लापत्रके हा फरक सांगतच नाहीत. दसरा उशिरा आला की ठरलेल्या नक्षत्रावर लावणाऱ्याचा पहिला, टपोऱ्या फुलांचा तोडा मग दसऱ्याच्या अडीच आठवडे आधीच निघून जातो.

लवकरच्या दसऱ्याला दुसरे संकट. ऐन फुलोरा हस्तात सापडतो. २०२५ च्या सप्टेंबरअखेर धाराशिव, बीड, लातूरकडे पुराने शेतेच्या शेते पाण्याखाली गेली, आणि दसरा चार दिवसांवर. उभ्या पिकात पाणी थांबले की मूळ कुजते, भिजलेली फुले काळी पडतात. पण उशिराचा दसरा सुरक्षित, असेही नाही. २०२० मध्ये तो २५ ऑक्टोबरला होता, तरी महिन्याच्या मध्याला अतिवृष्टी झालीच. वर कोरोनामुळे मंदिरे बंद. तुळजापूरचे नवरात्र भाविकांविना गेले.

शेंडा खुडण्यावरूनही शेतकऱ्यांत दोन तट आहेत. खुडला तर फुटवे वाढतात, फुले जास्त लागतात, पण पहिला तोडा लांबतो. दिवाळी दसऱ्यानंतर वीस दिवसांनी येतेच, म्हणून खुडणाऱ्यांचा हिशोब तिथे बसतो. ज्यांचा भर दसऱ्यावरच, ते खुडत नाहीत. लागवड दोन टप्प्यांत, अर्धी दसऱ्याला आणि अर्धी दिवाळीला, हा मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो; दोनदा मजुरी लागते हे खरे.

नांदेडकडच्यांना आणखी एक तारीख सांभाळावी लागते. हैदराबादच्या बाजारात बतुकम्मा या तेलंगणातल्या फुलांच्या सणासाठी झेंडू लागतो, आणि तो सण सर्वपित्री अमावास्येलाच सुरू होतो. म्हणजे तिकडे माल पाठवायचा तर लागवड दसऱ्याच्या हिशोबापेक्षा दहा-अकरा दिवस आधी.