सीटीएक्स तपासणी आणि हाड झिजवणाऱ्या पेशी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हाडांची झीज रक्ताच्या सीटीएक्स तपासणीतून कशी कळते, असे आमच्या प्रयोगशाळेत येणारे अनेकजण विचारतात. त्याचे उत्तर ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे जुने हाड विरघळवणाऱ्या पेशी, कशा तयार होतात यात आहे.

या पेशी रक्तातील मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या कुळातल्या असून अनेक पूर्वपेशी एकमेकींत मिसळून त्यांची एक मोठी पेशी बनते. हाडातील पेशींनी तयार केलेले रँकल हे प्रथिन पूर्वपेशीवरील रँक या रिसेप्टरला (संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनाला) जोडले गेले, की एनएफएटीसी-१ हे जनुक कार्यान्वित होते आणि त्यापासून बनणारे प्रथिन पेशींचे मीलन व हाडातील कोलॅजन हे प्रथिन तोडणारे कॅथेप्सिन-के हे विकर (एन्झाइम) यांसाठी लागणारी जनुके चालू करते. तुटलेल्या कोलॅजनचा रक्तात उतरणारा तुकडा म्हणजेच सीटीएक्स.

या साखळीला लगामही आहे. ज्याचा शोध १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला ते ओपीजी हे प्रथिन रँकलला रँकपर्यंत पोहोचूच देत नाही. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटले, की हा तोल रँकलच्या बाजूला झुकतो आणि झीज वाढते.

एखादे जनुक बिघडले तर काय होते, हे ऑस्टिओपेट्रोसिस या, जुने हाड विरघळत नसल्यामुळे हाडे अति घट्ट होणाऱ्या, दुर्मीळ आजारात स्पष्ट दिसते. टीसीआयआरजी-१ या जनुकात दोष असल्यास ऑस्टिओक्लास्ट तयार होतात, पण त्यांना हाड विरघळवणारे आम्ल सोडता येत नाही. अशा बालकांना अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा उपयोग होऊ शकतो. रँकलच्याच जनुकात दोष असेल तर या पेशी तयारच होत नाहीत, आणि रँकल मुख्यतः मज्जेतील रक्तपेशींकडून येत नसल्यामुळे प्रत्यारोपणानेही हाडांचा आजार सुधारत नाही. हा फरक आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आजाराचे नाव एकच असूनही उपचार जनुकावर अवलंबून राहतो.

डेनोसुमॅब हे हाडांच्या ठिसूळपणावर दर सहा महिन्यांनी घेतले जाणारे इंजेक्शन रँकललाच अडवते. ते थांबवल्यावर झीज पूर्वीपेक्षाही वेगाने होऊ शकते व मणके मोडण्याचा धोका वाढतो. म्हणून पुढचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय कृपया चुकवू नये.

सीटीएक्स ही जनुकांची तपासणी नव्हे. हाड झिजवणाऱ्या पेशी सध्या किती काम करत आहेत, एवढेच तिच्यातून कळते. जेवणानंतर सीटीएक्सचे प्रमाण उतरते, त्यामुळे नमुना सकाळी उपाशीपोटीच द्यावा आणि पुढील तपासणीही शक्यतो त्याच वेळी करावी.