सिंधी निर्वासितांची संपत्ती (१९४७–४९)

फाळणीनंतर सिंध सोडून भारतात आलेल्या हिंदूंनी आपली स्थावर-जंगम मालमत्ता कशी वाचवली आणि त्यातली किती त्यांच्या हाती लागली, याविषयीची ही नोंद. पंजाब आणि बंगाल यांचे दोन तुकडे झाले. सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. तिथल्या हिंदूंना आपल्याच प्रांताचा उरलेला भाग असा नव्हताच. लोकसंख्येत ते साधारण चौथा हिस्सा होते, पण कराची, सिंधमधले हैदराबाद, शिकारपूर, सक्कर इथल्या व्यापारात आणि सावकारीत त्यांचा वाटा त्याहून कितीतरी मोठा होता. त्यामुळे त्यांचे धन मुख्यतः हवेल्या, दुकाने, जमिनी आणि वसूल व्हायची येणी यांत गुंतलेले होते. यातले काहीच पेटीत भरता येत नाही.

६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि तोवर थांबून वाट पाहणाऱ्यांचाही धीर सुटला. बहुतेक लोक कराचीहून बोटीने मुंबई, ओखा, वेरावळ या बंदरांत उतरले. काही रेल्वेने मारवाडात आले. निघण्यापूर्वी घरचे सामान विकावे तर एका गल्लीतली सगळी घरे एकाच आठवड्यात रिकामी होत होती. गिऱ्हाईक सांगेल ती किंमत. अनेकांनी काहीच विकले नाही. कुलूप लावून किल्ली शेजारच्या मुसलमान कुटुंबाकडे दिली, कारण दिवस निवळले की परत यायचेच, असे त्यांना मनापासून वाटत होते. ही त्यांची चूक मानणे मला अन्यायाचे वाटते. पिढ्यानपिढ्यांचा शेजार होता तो.

सोबत न्यायला सर्वांत सोयीचे सोने. १०० तोळे म्हणजे सव्वा किलोच्याही आत. वितळवले तर स्वयंपाकघरातल्या एका लहान वाटीत मावेल. पण बंदरावर सामानाच्या झडत्या होत आणि किमती ऐवज काढून घेतला जाई. म्हणून दागिने रजईच्या कापसात, कपड्यांच्या शिवणीत, पिठाच्या डब्यात लपवले जात. पुष्कळदा ते बायकांच्या अंगावर, कपड्यांच्या आत चढत. घराची तिजोरी अशी बाईच्या अंगावर आली, म्हणजे झडतीचे आणि लुटीचे भयही तिच्याच वाट्याला आले. या काळाच्या हिशेबात हा भाग कमी लिहिला जातो.

रोख रकमेची एक बाजू निर्वासितांच्या पथ्यावर पडली. फाळणी झाली तरी चलन लगेच वेगळे झाले नाही. रिझर्व्ह बँकेच्या नोटा पाकिस्तानातही सप्टेंबर १९४८ अखेरपर्यंत चालत होत्या. त्यामुळे कराचीत मोजलेली नोट मुंबईत त्याच किमतीला खपत असे. हुंडणावळीत पैसा बुडाला नाही. बँकांतल्या ठेवींचे नशीब बँकेच्या दूरदृष्टीवर ठरले. पंजाब नॅशनल बँकेने जून १९४७मध्येच आपले नोंदणीकृत कार्यालय लाहोरहून दिल्लीला हलवले आणि निर्वासित ठेवीदारांचे पैसे पुढे भारतात चुकते केले. दोन्हीकडच्या लॉकरमधला ऐवज मात्र अडकून पडला आणि तो सोडवायला दोन्ही सरकारांना वाटाघाटी कराव्या लागल्या.

तरीही सर्वांत सुरक्षित राहिली ती बाजारातली पत. शिकारपूरच्या सराफांच्या हुंड्या, म्हणजे रक्कम चुकती करण्याच्या चिठ्ठ्या, एकेकाळी मध्य आशियापर्यंत चालत. हैदराबादच्या ‘सिंधवर्की’, म्हणजे मुळात सिंधी कारागिरीच्या वस्तू विकणाऱ्या, पेढ्या एकोणिसाव्या शतकापासूनच परदेशी बंदरांत पसरलेल्या होत्या. शिवाय १९३६पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे मुंबईत कुणाचा आडत्या, कुणाची पेढी आधीपासून होतीच. ज्याचे खाते दुसऱ्या गावी होते, ज्याच्या शब्दावर उधार मिळत होते, त्याने रिकाम्या हाती उतरूनही दुकान थाटले. फक्त शेती असलेला जमीनदार किंवा गावातला छोटा दुकानदार यांच्याकडे ही सोय नव्हती, आणि छावणीत सर्वाधिक हाल त्यांचेच झाले.

मागे राहिलेली मालमत्ता पाकिस्तानात निष्क्रांतांची, म्हणजे देश सोडून गेलेल्यांची, म्हणून कस्टोडियन या सरकारी अधिकाऱ्याच्या ताब्यात गेली. भारतात १९५०च्या कायद्याने दावे नोंदवून तपासले गेले आणि १९५४च्या कायद्याने भरपाई ठरली. सिंधी घरांत याला आजही ‘क्लेम’ म्हणतात. दावा जितका मोठा, तितके भरपाईचे प्रमाण कमी. खरेदीखत हरवले असेल तर साक्षीदार उभे करावे लागत, आणि ते साक्षीदारही दुसऱ्याच कुठल्या तरी छावणीत पांगलेले असत.

कल्याणजवळच्या लष्करी छावणीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळाले. तिथल्या बराकींत गोणपाटाचे पडदे लावून कुटुंबे राहत. पुढे अनेकांचा क्लेम रोखीने न मिळता त्यांच्या राहत्या खोलीच्या किमतीत वळता झाला. ज्याच्या हैदराबादच्या घरावर वारा आत घेणारे मंघ होते, त्याच्या नावावर अशा रीतीने बराकीतली एक खोली झाली.