हेडलाईटची रेघ: डिपरमागचा शंभर वर्षांचा इतिहास

दिवाळी उलटली की खानदेशातल्या रस्त्यांची रात्र बदलते. कापसाने शिगोशीग भरलेल्या पिकअप जिनिंगकडे निघतात, शहादा-चोपडा पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात, रावेर-यावलचे केळीचे ट्रक तर बाराही महिने असतातच. आणि दरवर्षी तीच तक्रार नव्याने ऐकू येते: समोरच्याच्या लाईटमुळे डोळ्यांपुढे नुसता उजेड, रस्ता दिसतच नाही. कारण विचारलं तर बहुतेक जण ‘हे हल्लीचे पांढरे एलईडी’ म्हणून मोकळे होतात. एलईडीचा दोष आहेच, पण अर्धा. उरलेला अर्धा कळायला मोटारीच्या दिव्याला खाली बघायला कसं शिकवलं गेलं, ते पाहावं लागतं.

सुरुवातीच्या मोटारींना तेलाचे दिवे होते, मग ॲसिटिलीनचे आले. डब्यात कॅल्शियम कार्बाइडचे खडे, त्यावर थेंब थेंब पाणी, आणि तयार होणारा गॅस नळीने दिव्याच्या ज्योतीकडे. फळं झटपट पिकवायला वापरतात म्हणून ज्याच्यावर बंदी आली, तोच हा कार्बाइड; लसणासारखा तो उग्र वास केळी-आंब्याच्या व्यापाऱ्यांना वेगळा सांगायला नको. विजेचा दिवा १८९८ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया या विजेवरच्या गाडीला बसला, पण फिलामेंट खड्ड्यांत टिकेना आणि दिव्याला पुरेल इतकी वीज देणारा आटोपशीर डायनॅमोही मिळेना. १९१२ मध्ये कॅडिलॅकने स्टार्टर, इग्निशन आणि दिवे एकाच विद्युत यंत्रणेत आणले. पुढच्याच वर्षी जर्मनीच्या बॉशने दिवा, डायनॅमो आणि रेग्युलेटर असा जोड बाजारात आणला. इथवरची सगळी धडपड उजेड वाढवण्याची होती.

उजेड वाढला आणि समोरून येणाऱ्याचे हाल सुरू झाले. तेव्हापासून आजपर्यंत हेडलाईटमध्ये जी खरी डोकॅलिटी खर्च झाली, ती उजेड अडवण्यावर. अमेरिकेतल्या गाईड लॅम्प कंपनीने १९१५ मध्ये खाली झुकवता येणारा दिवा आणला. दोन वर्षांनी कॅडिलॅकने तो आत बसल्या बसल्या दांडीने झुकवायची सोय दिली. त्याआधी गाडी थांबवून, खाली उतरून दिवा झुकवावा लागे. १९२४ मध्ये एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट असलेला बायलक्स आला, एक लांबच्या उजेडासाठी, म्हणजे अप्परसाठी, आणि एक खाली झुकलेल्या जवळच्या उजेडासाठी, म्हणजे डिपसाठी. १९२७ पासून पायाने दाबायचा डिपर स्विच रूढ झाला. ॲम्बॅसेडर किंवा जुनी जीप चालवलेल्यांना तो आठवत असेल: क्लचच्या डावीकडे फरशीवर एक जाड बटण, डाव्या पायाने ‘खट्’ केलं की डिप, परत ‘खट्’ केलं की अप्पर. हात स्टिअरिंगवरून हलायचा नाही. ती सोय गेली याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढे दोन खंडांच्या वाटा फुटल्या. अमेरिकेने १९४० मध्ये काच, आरसा आणि फिलामेंट एकत्र सील केलेला सात इंची गोल दिवा सक्तीचा केला. युरोपने बल्ब वेगळा ठेवला आणि आपलं लक्ष एका रेघेवर लावलं. डिप लावून गाडी भिंतीसमोर उभी केली की वर अंधार, खाली उजेड आणि मधे जी सरळ धार दिसते, ती ही रेघ. १९५० च्या दशकाच्या मध्यावर युरोपने तिला बाक दिला. आपल्यासारख्या डावीकडून चालणाऱ्या देशांसाठीच्या दिव्यात उजव्या बाजूला, म्हणजे समोरच्या गाडीकडे, रेघ आडवी राहते. डावीकडे ती साधारण १५ अंशांनी वर चढते. वर चढलेला तो त्रिकोण रस्त्याच्या डाव्या कडेवर लांबपर्यंत पडतो. साइडपट्टीवरून चालणारा माणूस, बैलगाडीचं चाक, मैलाचा दगड, जे काही दिसतं ते त्याच्यामुळे.

खानदेशात त्या त्रिकोणाची किंमत चैत्रात कळते. सप्तशृंगीच्या चैत्रोत्सवाला धुळे-जळगावकडचे हजारो भाविक पायी निघतात, आणि उन्हाच्या काहिलीमुळे चाल बहुधा रात्रीची. डोक्यावर गाठोडं, हातात झेंडा, पायात चप्पल असेल-नसेल, अंगावर चमकणारं काही नाही. मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेने अशी रांग चाललेली असते. ती वेळेत दिसावी यासाठीच डिपची डावी बाजू उचललेली आहे.

ही रेघ पाडते कोण, हे पाहायचं तर एच-फोर बल्ब हातात घ्यावा. १९७१ मध्ये आलेला हा हॅलोजन बल्ब आपल्याकडच्या असंख्य मोटारींत आणि दुचाकींत आजही आहे. मोटारीतला ६०/५५ वॅटचा. काचेच्या आत दोन फिलामेंट दिसतात. पुढच्या फिलामेंटखाली धातूची इवलीशी वाटी असते. डिप लावली की हेच फिलामेंट पेटतं आणि वाटी त्याचा खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून आरशाचा फक्त वरचा अर्धा भाग वापरला जातो आणि तिथून उजेड रस्त्याकडे वळतो. वाटीची एक कड जराशी तिरकी कापलेली असते. डावीकडचा तो चढ या कडेतून येतो. अप्परचं फिलामेंट मागे, वाटीबाहेर; त्याचा उजेड सगळ्या आरशावर पडतो. फिलामेंट मिलिमीटरभर सरकलं तरी रेघ विस्कटते.

हे समजलं की आपल्याकडची एक जुनी पद्धत किती उलटी होती ते कळतं. १९७१ च्या युद्धात ब्लॅकआऊटसाठी हेडलाईटचा वरचा अर्धा भाग काळा रंगवत. युद्ध संपलं, पण काळा रंग गेला नाही. समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जाऊ नये म्हणून अर्धी काच रंगवणं किंवा मधोमध काळा ठिपका देणं कितीतरी वर्षं चाललं. हेतू चांगला, पण वाटीच्या बल्बात डिपचा उजेड वरच्या अर्ध्या आरशातून, म्हणून काचेच्याही वरच्या भागातूनच बाहेर पडतो. तोच झाकला तर स्वतःची डिप मरते आणि अप्पर अर्धी का होईना चालूच राहते. मग दिसत नाही म्हणून माणूस अप्परवरच गाडी हाकतो.

कायद्याने मात्र बरोबर जागी बोट ठेवलं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम दिव्यांच्या झुकावाबद्दल आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर कुणाचे डोळे असतील तर ते दिपता कामा नयेत, इतका झोत कायम खाली वळवलेला हवा. डोळ्यांची जागा टेप लावून मोजता येईल इतकी नेमकी सांगितली आहे. मोजायला मात्र कुणी जात नाही.

मोजणं फार अवघड नाही. सपाट जागा आणि सरळ भिंत लागते. जिनिंगचं आवार किंवा मार्केट यार्डातलं गोदाम चालतं. चाकांत हवा बरोबर हवी, चालकाच्या जागी माणूस बसलेला हवा. भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करायची, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखायची आणि डिप लावायची. उजेडाची धार त्या खुणेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली दिसली पाहिजे, म्हणजे शंभराला एक या उताराने. बऱ्याच गाड्यांत बॉनेटखाली, दिव्याजवळ, एक टक्का किंवा जो असेल तो उतार छापलेला असतो, तोच धरावा. धार वरखाली करायचा स्क्रू दिव्याच्या मागे असतो, डावी-उजवीकडचा वेगळा.

एक टक्काच का? दिवा जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर असेल तर या उताराने धार ७० मीटरवर रस्त्याला टेकते. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर संपले, आणि कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने थांबायला आणखी ३५-३६. बेरीज जेमतेम सत्तरच्या आत येते. डिपवर ताशी ८० च्या पुढे जाणं म्हणजे दिसायच्या आधीच पोचणं. आणि गॅरेजवाल्याने ‘लांबचं दिसू दे’ म्हणून स्क्रू पिळला की हा सगळा हिशेब समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

आता एलईडी. झेनॉन वायूचा दिवा १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजवर आला, एलईडीची डिप २००७ च्या सुमारास लेक्ससवर. दोन्हींसाठी आरसा आणि भिंग नव्याने आखलेलं होतं. आपल्याकडे घोळ होतो तो एच-फोरच्या आरशात बाजारातला एलईडी ‘बल्ब’ खोचल्यावर. चिपची जागा फिलामेंटच्या जागेशी तंतोतंत जुळत नाही, वाटी असली तर नावापुरती, आणि धारेऐवजी सगळीकडे फुटलेला उजेड मिळतो. जवळचा रस्ता लख्ख दिसतो म्हणून चालक खूश. लांबचा त्रिकोण नाहीसा झालेला त्याला कळतही नाही. १००/९० वॅटचा हॅलोजन रिले (जादा वीज पेलणारा स्विच) लावून बसवणाऱ्यांची गत निदान एवढी वाईट नव्हती. त्यांची वायर तापायची, होल्डर वितळायचा, पण रेघ जागेवर असायची.

सवयीचाही भाग आहे. सुरत-नागपूर महामार्ग चौपदरी झाला, दुभाजकात कण्हेर लागली. ती शोभेपुरती नाही, पलीकडच्या गाड्यांचा उजेड अडवायलाही आहे. तिच्या आडोशाने अप्परवर जायची सवय लागते आणि पारोळ्याहून अमळनेरकडे वळल्यावर मधे कण्हेर नसते. तिथे समोरून ‘डिप कर ना भो’ म्हणून दोनदा-तीनदा अप्पर-डिपर मारला जातो, आणि उत्तर नाही आलं की तोही अप्परच ठेवतो. कन्नड घाटात वेगळं: वळणावर दिवा रस्त्याऐवजी कठड्यावर पडतो, आणि पावसाळी धुक्यात अप्पर लावली तर समोर पांढरी भिंतच उभी राहते. वळणाबरोबर फिरणारे दिवे सिट्रोएनने १९६७ मध्येच डीएस गाडीला दिले होते. कॅमेऱ्याने समोरची गाडी हेरून तेवढाच तुकडा विझवणारे मॅट्रिक्स दिवे ऑडीने २०१३ मध्ये आणले. आपल्या रस्त्यावर यातलं काही दिसायचं तर महागडी गाडीच लागते.

त्यामानाने स्वस्त आणि बहुतेक मोटारींत असलेली गोष्ट म्हणजे स्टिअरिंगच्या उजवीकडे खाली असलेलं शून्य ते तीन आकड्यांचं छोटं चाक. मागे वजन बसलं की गाडीचं नाक वर होतं. आकडा वाढवला की दिवे तेवढे खाली येतात. किती फरक पडतो? पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर तीन मीटर आणि मागचा पाटा पाच सेंटिमीटर दबला, तर झोत जवळजवळ पावणेदोन टक्क्यांनी उचलला जातो. एक टक्का उतार संपून वर पाऊण टक्क्याच्या आसपास चढ झाला. दिवा ८० सेंटिमीटरवर असेल तर ६० मीटरवर धार सव्वा मीटरच्या आसपास पोचते, म्हणजे समोरच्या मोटारीतल्या माणसाच्या थेट डोळ्यांवर, आणि तेही डिप लावलेली असताना. मागे दोघे बसून निघालेल्या मोटारसायकलचं तेच होतं. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींची लाईट कायम चालू असते, त्यामुळे ते जास्त जाणवतं. कापसाच्या किंवा केळीच्या पिकअपला असं चाक नसेल, तर लाईट रिकाम्या गाडीवर सेट करून उपयोग नाही. माल भरून भिंतीसमोर उभी करावी आणि मग स्क्रू फिरवावा. रिकाम्या परतीच्या फेरीत उजेड थोडा जवळ पडेल. तेवढं वेग कमी ठेवून निभतं.