शंभरी ओलांडणारी वाईन आणि एका वेलाची निवड

इटलीत टस्कनी प्रांतात मोंताल्चिनो नावाचं डोंगरमाथ्यावरचं गाव आहे. त्याच्या शेजारी ‘इल ग्रेप्पो’ ही बियोंदी-सांती घराण्याची शेती. इथल्या तळघरात १८८८ आणि १८९१ सालच्या ब्रुनेल्लो वाईनच्या बाटल्या जपून ठेवलेल्या आहेत. बहुतेक रेड वाईन पाच-दहा वर्षांत उतरणीला लागते. या बाटल्यांतली मात्र शंभरी ओलांडल्यावरही प्यायला उत्तम निघाली. हे कसं घडलं, याचं उत्तर तळघरापेक्षा बागेत जास्त सापडतं.

क्लेमेंते सांती हे या घराण्यातले औषधशास्त्र शिकलेले गृहस्थ. १८६५ सालच्या त्यांच्या वाईनला बक्षीस मिळालं होतं. पण खरी कामगिरी त्यांच्या नातवाची. इटलीच्या एकीकरणासाठी लढणाऱ्या गारिबाल्दीच्या सैन्यातून आलेल्या फेरुच्चोने बाग हाती घेतली, तेव्हा युरोपातल्या द्राक्षबागांवर भुरी या बुरशीरोगाचं संकट येऊन गेलं होतं आणि मुळं पोखरणारा फायलोक्सेरा हा कीटक पसरत होता. लवकर विकता येईल अशी हलकी वाईन करण्याकडे तेव्हा सगळ्यांचा कल होता. फेरुच्चोने उलटी वाट धरली. सान्जोवेसे जातीचे आपल्या बागेतले उत्तम वेल हेरले, त्यांच्याच काड्यांपासून नवी लागवड वाढवली आणि दुसरं कुठलंही द्राक्ष न मिसळता वाईन केली. तीच ही ब्रुनेल्लो.

इथे वनस्पतिशास्त्राचा एक मुद्दा आहे. द्राक्षवेल बी पेरून वाढवत नाहीत, काडी लावून किंवा कलम करून वाढवतात. त्यामुळे नवा वेल जुन्याची हुबेहूब प्रत असतो. पण वेलाच्या एखाद्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, क्वचित उत्परिवर्तन (आनुवंशिक बदल) होतं आणि त्यातून फुटलेली फांदी थोडी वेगळी निघते. आपल्याकडचे सोनाका आणि तास-ए-गणेश हे वाण थॉमसन सीडलेसमधून असेच निवडले गेले. निवड करणाऱ्याची नजर पक्की हवी, बाकीचं काम निसर्गाने केलेलंच असतं. फेरुच्चोच्या नजरेचं मोल पुढे विद्यापीठातल्या संशोधकांनाही पटलं. इल ग्रेप्पोतल्या एका वेलापासूनचा क्लोन, म्हणजे त्याच्या हुबेहूब प्रतींचा वाण, ‘बीबीएस ११’ म्हणून नोंदवला गेला. त्यातली अक्षरं ब्रुनेल्लो आणि बियोंदी-सांती यांची.

आता टिकण्याबद्दल. सान्जोवेसेत आम्लता जात्याच भरपूर. त्यात मोंताल्चिनो साडेपाचशे मीटरहून उंच, रात्री गार. गरम हवेत पिकताना द्राक्षाच्या श्वसनात मॅलिक आम्ल झपाट्याने खर्ची पडतं. गार रात्रींत ते टिकून राहतं. आम्ल वाईन वाचवतं ते तीन परींनी: घातक जिवाणूंना वाढू देत नाही, वाईन टिकवण्यासाठी वापरतात त्या सल्फर डायऑक्साइडचा परिणाम वाढवतं आणि लाल रंगद्रव्याला लालच ठेवतं. दुसरा आधार टॅनिनचा. सालीतून आणि बियांतून उतरणारी ही तुरट द्रव्यं ऑक्सिजनला स्वतःवर झेलतात, एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जोडली जातात. काही गाळ होऊन तळाशी बसतात. अशा जोडणीतून बनलेल्या टॅनिनच्या साखळ्या लांब होत गेल्या की तुरटपणा मवाळतो, असं पूर्वी सांगत. प्रत्यक्षात आम्लामुळे साखळ्या तुटतातही. जोडणं आणि तुटणं दोन्ही वर्षानुवर्षं चालू असतं, आणि जुन्या वाईनचा मऊपणा त्यातून येतो. मला या सगळ्या रसायनशास्त्रातला हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो.

तरी बूच हा कच्चा दुवा उरतोच. त्याच्यातून हवा किंचित आत शिरते, वाईन किंचित उडून जाते आणि बाटलीच्या गळ्यातली पोकळी वाढते. फेरुच्चोचा मुलगा तांक्रेदी याने १९२७ मध्ये यावर उपाय केला. जुनी बाटली उघडायची, चव घेऊन वाईन निरोगी असल्याची खात्री करायची, त्याच सालच्या दुसऱ्या बाटलीतून ती भरायची आणि लगेच नवं बूच बसवायचं. म्हणजे बाकीच्या वाचवण्यासाठी त्याच वर्षाची एक बाटली खर्ची घालायची. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या हाती लागू नये म्हणून हाच साठा भिंत बांधून लपवला होता. १९५५ सालच्या रिझर्वाचं, म्हणजे इथल्या खास निवडक ब्रुनेल्लोचं, नाव पुढे एका अमेरिकी नियतकालिकाने विसाव्या शतकातल्या बारा सर्वोत्तम वाईनमध्ये घेतलं.

ब्रुनेल्लोसाठी आजचा इटालियन नियमही कडक आहे: द्राक्ष फक्त सान्जोवेसे, लाकडी पिंपात किमान दोन वर्षं, आणि सुगीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या १ जानेवारीआधी विक्री नाही. इल ग्रेप्पोत रिझर्वा फक्त चांगल्या वर्षीच करतात, तीही पंचवीस वर्षांहून जुन्या वेलांच्या द्राक्षांची. २०१६ मध्ये एका फ्रेंच समूहाने इथला मोठा हिस्सा घेतला.

सान्जोवेसे हे द्राक्ष सोलापूर जिल्ह्यात अकलूजलाही लावलं आहे. सान्जोवेसेचा रंग मुळात फिका, कारण त्याच्या रंगद्रव्यांत अधिक स्थिर प्रकार फार थोडे. अकलूजच्या फ्रातेल्ली या वाईन कंपनीने टस्कनीचे वाईनतज्ज्ञ पिएरो मासी यांच्या मार्गदर्शनाखाली ‘सेत्ते’ ही वाईन केली, त्यात सान्जोवेसेसोबत काबेर्ने सोव्हिन्यों हे द्राक्ष आहे. ते रंग आणि टॅनिन दोन्ही पुरवतं.