थेरपी सुरू करण्याआधी: कोणाला भेटायचं आणि काय विचारायचं

वेळ ठरवण्यासाठी फोन करणारे बहुतेक जण आम्हाला एकच गोष्ट विचारतात, ‘मी नेमकं कोणाला भेटू?’ प्रश्न अगदी रास्त आहे. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांचं शिक्षण वेगवेगळं असतं, अधिकारही वेगळे असतात, आणि बाहेरून हा फरक कळत नाही.

सायकियाट्रिस्ट म्हणजे मनोविकारतज्ज्ञ. ते आधी डॉक्टर होतात आणि नंतर मनोविकारांचं विशेष शिक्षण घेतात. निदान करणं, औषध लिहून देणं, गरज पडली तर रुग्णालयात दाखल करून घेणं ही त्यांची कामं. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं तर गोंधळू नका. थायरॉइड मंदावलं किंवा बी१२ जीवनसत्त्व कमी पडलं तरी माणूस गळून जातो, उदास होतो, आणि ते वरवर पाहता नैराश्यासारखंच दिसतं.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्रातून आलेले असतात. मानसिक चाचण्या, निदान आणि थेरपी हे त्यांचं क्षेत्र. औषध लिहिण्याचा अधिकार त्यांना बहुतेक ठिकाणी नसतो. नात्यातले ताण, जवळच्या माणसाचा मृत्यू, अभ्यास किंवा नोकरीतला पेच अशा वेळी समुपदेशक उपयोगी पडतात. प्रश्न घर, उत्पन्न, आधाराची माणसं यांच्याशी जोडलेला असेल तर मनोसामाजिक कार्यकर्त्यांची मदत मोलाची ठरते.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. ‘समुपदेशक’ किंवा ‘थेरपिस्ट’ ही उपाधी अनेक देशांत कायद्याने राखीव नाही, त्यामुळे अपुरं प्रशिक्षण घेतलेली व्यक्तीही ती लावू शकते. म्हणून शिक्षण कुठे झालं, नोंदणी आहे का, माझ्यासारख्या त्रासावर आधी काम केलंय का, वरिष्ठांचं मार्गदर्शन घेता का, हे बेधडक विचारा. आम्हालाही विचारा. या प्रश्नांनी चिडणाऱ्या माणसाकडे मन मोकळं करता येईल का, याचं उत्तर तुम्हाला तिथेच मिळेल.

पहिल्या भेटीत काय होतं?

भेट साधारण ५० मिनिटांची असते. सुरुवातीला संमतिपत्र वाचून दाखवतो. त्यावर सही करण्याची घाई नको. मग त्रास कधी सुरू झाला, झोप आणि भूक कशी आहे, घरात कोण आहे, आधी कुठले उपचार झाले, सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे विचारतो. सगळं पहिल्याच दिवशी सांगायला हवं असं नाही. ‘यावर आज नको’ एवढं म्हटलं तरी पुरतं.

कदाचित नैराश्याची लक्षणं किती आहेत हे पाहणारी पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली भरायला देऊ. त्यात मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात आणि गुण ० ते २७ यांच्या दरम्यान येतात. ते गुण म्हणजे निदान नव्हे. पुढे सुधारणा होते आहे की नाही हे ताडून पाहायला ते कामी येतात. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे, आणि नेमका तिथेच पुष्कळ जणांचा हात अडखळतो. कृपया खरं तेच लिहा. असे विचार मनात येणं आणि तसं करायला निघणं यांतला फरक आम्ही जाणतो. आत्महत्येबद्दल विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा समजही चुकीचा आहे.

तुम्ही बोललेलं आमच्याकडेच राहतं. आईवडील, जोडीदार, नोकरीचं ठिकाण, कोणालाही तुमच्या संमतीशिवाय सांगत नाही. याला मोजके अपवाद आहेत: कोणाच्या जिवाला गंभीर धोका असणं, लहान मुलाचा छळ होत असणं किंवा न्यायालयाचा आदेश येणं. नेमके नियम त्या त्या ठिकाणच्या कायद्यानुसार ठरतात, म्हणून आम्ही ते पहिल्याच भेटीत स्पष्ट करतो.

थेरपीत नुसतं बोलणं असतं का?

नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६०च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांसोबत काम करताना पाहिलं की ‘माझ्याने काहीच होणार नाही’ असे विचार त्यांच्या मनात आपोआप उमटतात आणि पारखून न घेताच खरे मानले जातात. त्यातून सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी) ही पद्धत उभी राहिली. यात तुम्ही तो विचार कागदावर उतरवता, त्याच्या बाजूने आणि विरुद्ध काय पुरावा आहे ते मांडता, आणि आठवडाभरात एखादी छोटी कृती करून पाहता. म्हणून गृहपाठ असतो. तो झाला नाही तरी या. का झाला नाही, यातूनही पुष्कळ कळतं.

मंत्रचळ असेल, म्हणजे पुन्हा पुन्हा हात धुणं, कुलूप तपासणं थांबतच नसेल, तर नुसतं धीर देणारं बोलणं फारसं उपयोगी पडत नाही. उलट, सतत मिळणारा दिलासा त्या चक्राला खतपाणी घालतो. इथे मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांच्या १९६६ मधल्या कामातून पुढे आलेली पद्धत वापरतात: भीती वाटते त्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. ती कठीण आहे, पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय पुढची पायरी घेतली जात नाही.

पद्धत कुठलीही असो, मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या तीन गोष्टी आम्हाला फार महत्त्वाच्या वाटतात: ध्येय काय यावर दोघांचं एकमत, ते कसं गाठायचं यावर एकमत आणि परस्परांवर विश्वास. ध्येय तुमच्या शब्दांत असू द्या. ‘मला बरं वाटायला हवं’ यापेक्षा ‘मला पुन्हा एकट्याने प्रवास करता यायला हवा’ हे दोघांनाही धरून चालता येतं.

चिंता किंवा नैराश्यासाठी सीबीटीला बऱ्याचदा १२ ते २० भेटी लागतात. लहानपणापासूनच्या जखमांना जास्त वेळ लागतो. अधूनमधून भेटीनंतर उदास किंवा थकल्यासारखं वाटेल. ते दोन-तीन आठवडे टिकलं तर मनात ठेवू नका, आम्हाला सांगा.

गोळ्यांबद्दल थोडं. नैराश्यावरच्या औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, दुष्परिणाम मात्र आधी जाणवू शकतात. त्यामुळे पुष्कळ जण नेमके चुकीच्या वेळी औषध सोडतात. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण अचानक बंद केल्या तर चक्कर, अस्वस्थता असा त्रास होऊ शकतो. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्यांची मात्र खरोखर सवय लागते. दोन्ही बाबतींत डोस स्वतःहून बदलू नका.

थेरपिस्ट तुमच्या आयुष्याचे निर्णय घेत नाही. ‘घटस्फोट घेऊ का?’ याला आम्ही हो किंवा नाही म्हणणार नाही, पण तुम्ही स्वतः उत्तरापर्यंत पोचावं म्हणून सोबत राहू. कोणी हमखास बरं करण्याची हमी देत असेल, चालू औषधं बंद करायला सांगत असेल किंवा शारीरिक जवळीक साधू पाहत असेल, तर तिथून उठून या. तक्रारही करा.

जीव द्यावासा वाटत असेल तर आमच्या पुढच्या वेळेची वाट पाहू नका. जवळच्या माणसाला लगेच सांगा आणि रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा.

आमच्या थेरपिस्टशी सूर जुळला नाही तर तसं सांगायला संकोच नको. दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवणं हा आमच्या कामाचा भाग आहे. तुमची लेखी संमती असेल तर आतापर्यंतच्या नोंदींचा सारांशही त्यांना देतो, म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागत नाही.