खुलासा: 'सेंडमेल' कमांड म्हणजे सेंडमेल सर्व्हर नव्हे

लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्या नव्या अ‍ॅडमिनला हमखास मिळणारा सल्ला असा: पीएचपीला (वेबसाइटची प्रोग्रामिंग भाषा), क्रॉनला (ठरल्या वेळी कामे चालवणारा प्रोग्राम) मेल पाठवायला 'सेंडमेल' लागते, म्हणून सेंडमेल हा मेल सर्व्हरच बसवा. हे खरे नाही.

एरिक ऑलमन यांचे सेंडमेल 1980च्या दशकात इतके पसरले, की प्रोग्रामनी त्याच नावाच्या कमांडला हाक मारायची सवय लावून घेतली. पुढे आलेल्या पोस्टफिक्स आणि एक्झिम या मेल सर्व्हरांनी म्हणूनच त्याच नावाची, तशीच चालणारी कमांड सोबत दिली. पीएचपी ती कमांड चालवते. मागे कोण बसले आहे, याच्याशी तिला देणेघेणे नसते.

मग नवख्याने सेंडमेलची सेटिंग ज्यात लिहितात, त्या एम-फोर मॅक्रोंचे जंजाळ कशाला अंगावर घ्यावे? वित्से वेनेमा यांचे पोस्टफिक्स 1998मध्ये आले. त्याची मुख्य सेटिंग फाइल साध्या 'नाव = किंमत' ओळींची, सहज वाचता येणारी. माझे मत स्पष्ट आहे: सुरुवात इथूनच करा. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 6 या लिनक्स आवृत्तीनेही डीफॉल्ट मेल सर्व्हर म्हणून सेंडमेलच्या जागी पोस्टफिक्सच ठेवले होते.

फक्त 'मायनेटवर्क्स' ही, कोणत्या पत्त्यांवरून आलेले मेल पुढे पाठवायचे ते ठरवणारी ओळ जपून भरा. तिथे आयपी पत्त्यांचा मोठा पट्टा लिहिला, तर अनोळखी लोक तुमच्या सर्व्हरवरून स्पॅम पाठवतील. मेल खरोखर तुमच्याकडूनच आल्याची खात्री पटवणारे एसपीएफ, डीकेआयएम आणि रिव्हर्स डीएनएस मात्र कोणताही सर्व्हर घेतला तरी तुम्हालाच लावावे लागतात.